रानात पैसे भरून हरवणारी माणसं

शेफिल्ड, मार्चचा पहिला आठवडा

ती. आई,


डाळ शिजेपर्यंत तुमच्या सुनेला वेळ आहे, तेवढ्यात हे पत्र. पार्सल पोचलं. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी सुखरूप. कंदी पेढ्यांचा डबा नातवंडांनी दारातच फोडला आणि उभ्या उभ्या निकालात काढला. मंदाआत्यांची चिठ्ठी मिळाली, कुंपणाचं खाली लिहिलंय.

आधी कालच्या फोनचं. फोटोत चिरंजीवांच्या हातावर दिसतात ते ओरखडे मांजराचे नाहीत आणि सुनेचे तर नाहीतच. ते रानटी ब्लॅकबेरीच्या काट्यांचे आहेत. सईच्या गुडघ्यापर्यंत चिखल आहे, पण ती हसतेय हेही बघा. ‘पोरांना जंगलात सोडून देता?’ असं तुम्ही विचारलंत. हो, सोडतो. पैसे भरून सोडतो.

ह्याला ओरिएंटीअरिंग म्हणतात. साताऱ्यासारखंच शेफिल्डलाही सात टेकड्यांचं गाव म्हणतात. शहर संपतं तिथं पश्चिमेला पीक डिस्ट्रिक्टची माळरानं सुरू होतात. तिथे झाडाआड, दगडामागे, ओढ्याच्या वळणावर नारिंगी-पांढऱ्या रंगाचे फूटभर चौकोनी झेंडे लावून ठेवतात. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात, आणि ठरलेल्या क्रमाने सगळे झेंडे गाठायचे. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडतात, म्हणजे पुढच्याच्या मागे मागे जायची सोय नाही. बहुतेक नकाशे १:१०,००० मापाचे, एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. त्यावर पळण्याजोगं जंगल पांढरं आणि घुसता न येणारी झाडी हिरवीगार. चिरंजीवांनी पहिल्या दिवशी हिरवं बघून ‘वा, काय सुंदर’ म्हणत थेट तिकडेच मोर्चा वळवला. ओरखडे तिथले.

बापूकाकांना म्हणावं, एनसीसीचा कंपास दाखवत तुम्ही अख्खं वऱ्हाड दुसऱ्याच लग्नात जेवायला बसवलं होतं, त्याची परंपरा पुतण्याने राखली आहे.

बोटाला इलॅस्टिकने अडकवायची एक चिमुकली कांडी मिळते, तिला इथे डिबर म्हणतात. झेंड्याजवळच्या डबीत ती खुपसली की ‘पीं’ वाजतं आणि वेळ नोंदली जाते. पोरांसाठी भाडं एक पौंड. हरवली तर तीस. ओमने ती दलदलीत घालवली. आई, तीस पौंड म्हणजे तीन हजारांच्या वर, आणि वस्तू तुमच्या कानकोरण्याएवढी! दुसऱ्या दिवशी चिरंजीव ती शोधायला गेले आणि एक बूट दलदलीला वाहून आले. बुटाची किंमत कळवत नाही, तुमचं बी.पी. वाढेल.

पण जाच आहे तो एका नियमाचा. शर्यत पुरी करा, अर्धी सोडा, नाहीतर पहिल्या झेंड्यालाच कंटाळा. तंबूत येऊन डिबरची नोंद उतरवल्याशिवाय घरी जायचं नाही. त्याला म्हणायचं डाऊनलोड. सुरुवातीला नोंदलेलं माणूस शेवटी नोंदलं गेलं नाही की ते रानात कुठेतरी पडलंय असं धरतात आणि शोधायला माणसं निघतात. सगळे हौशी, घरचं खाऊन राबणारे. जानेवारीत चिरंजीव सहाव्या झेंड्यावर वैतागले आणि सरळ गाडीत येऊन बसले. इकडे अंधार पडायला आलेला, यादीत एक माणूस कमी. गाडीचे नंबर आधीच लिहून घेतलेले असतात, म्हणून आधी गाड्या पाहिल्या. आत चिरंजीव झोपलेले, मांडीवर दशमी, तोंड उघडं. सत्तरीच्या पुढच्या एक बाई, ज्या त्याच वाटेने केव्हाच पळून आल्या होत्या, काचेवर टकटक करून एवढंच म्हणाल्या, ‘डाऊनलोड, डियर.’

तुम्हीही शेवटचं माणूस घरात आल्याशिवाय दाराला कडी घालत नाही. त्या बाई थंडीत यादी धरून उभ्या होत्या आणि तुमच्या सुनेला उगीचच वाड्याचा दिंडीदरवाजा दिसायला लागला. चिरंजीवांवर रागवायचं होतं ते राहूनच गेलं. असो. डाळ उतरवून आले.

आता पुढचं. हिवाळाभर संध्याकाळी डोक्याला दिवे बांधून गल्ल्याबोळांतून पळायचे कार्यक्रम चालतात. तासाभरात जमतील तेवढ्या जागा गाठायच्या, उशीर झाला की गुण कापतात. ते आता संपत आले. ईस्टरला मोठी जत्रा, जेके. यान शेलस्ट्रॉम (Jan Kjellström, म्हणून जेके) हा सिल्व्हा होकायंत्रवाल्यांच्या घरातला स्वीडिश तरुण इंग्रजांना हा खेळ शिकवायला आला होता. १९६७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच्या आठवणीला तेव्हापासून ही भरते. शुक्रवारी स्प्रिंट, शनिवारी मधलं अंतर, रविवारी लांब, सोमवारी रिले. रिलेत सूनही आहे, कारण क्लबला तिसरं माणूस मिळेना. मे उजाडला की नेचे वाढायला लागतात, पुढे छातीपर्यंत येतात आणि रानात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, मग पुष्कळसा खेळ शहरात येतो. जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा बघालच. बायकांचा सत्तरचा गट आहे, नव्वदीपर्यंत गट आहेत. वय डिसेंबरअखेरचं धरतात, म्हणजे तुम्ही बसता. साडी चालणार नाही, एवढंच.

आता कुंपणाचं. मंदाआत्यांना सांगा, ह्या नकाशात लोकांची परसं शेवाळी रंगाने दाखवतात आणि त्यात पाऊल टाकलं की स्पर्धेतून बाद. शेजारच्या अण्णांना एक प्रत पाठवू का?

ईस्टरचे चार दिवस फोन लागणार नाही. लागला नाही म्हणून बापूकाकांनी वकिलातीत फोन करू नये, गेल्या वेळी फार शोभा झाली.

सौ. सून

ता. क. : शकूमावशींच्या प्रसादचं जमलं म्हणे, आणि कळवताय कोण, तर मंदाआत्या! मुलगी कराडची की कोरेगावची ते लगेच कळवा, इथे दोघांची पैज लागली आहे.