चकार्थी

लाकूडकामाचा लेथ घ्यायला त्याला एक रविवार पुरतो. यंत्र खोक्यातून येतं, दोन हमाल ते धापा टाकत गच्चीवरच्या खोलीत चढवतात, संध्याकाळी नारळ फुटतो, सोसायटीत पेढे फिरतात. प्रश्न लेथचा नसतोच. त्या लेथच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा जो दोन-तीन किलोचा लोखंडी चक असतो, त्याची निवड त्यानंतर सुरू होते, आणि ती संपल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

चकार्थी हा बहुधा निवृत्त असतो. नोकरी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात झालेली, आणि तीही खरेदी विभागात. (उत्पादनातला माणूस मिळेल त्या चकवर काम उरकून मोकळा होतो; त्याच्यावर लिहिण्यासारखं काही उरत नाही.) उभ्या नोकरीत तीन कोटेशनांशिवाय याने टाचणीसुद्धा घेतलेली नसते. निवृत्त झाल्यावर मात्र असं लक्षात येतं की घरात खरेदी करण्यासारखं आपल्या वाट्याला काही उरलेलंच नाही. भाजी बायको घेते, किराणा फोनवर सांगितला की दारात येतो, औषधं डॉक्टर ठरवतात, टीव्ही कुठला घ्यायचा ते मुलगा बेंगळुरूहून कळवतो. अशा पोरक्या अवस्थेत त्याला चक भेटतो. तांत्रिक बाजू गुंतागुंतीची, पुरवठादार परदेशी, किंमत डॉलरमध्ये, वर आयात शुल्क. बंद पडलेलं खातं पुन्हा सुरू होतं. कपाटातून जुनी फाइल निघते, आधीचं लेबल खरवडून तिच्यावर ‘चक’ असं लिहिलं जातं.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर चक म्हणजे फिरणारं लाकूड धरून ठेवणारा पंजा. आत एक चकती असते, तिच्या तोंडावर जिलबीसारखी वळत गेलेली खाच. चावी फिरवली की चकती फिरते आणि पंजाची चारही बोटं, म्हणजे जॉ, एकाच वेळी सारखेच आत येतात किंवा बाहेर जातात. लाकूड आपोआप मध्यावर धरलं जातं. चकार्थी हे इतक्या थोडक्यात सांगत नाही. तो कट्ट्यावर सायमन फेअरमन या अमेरिकन गृहस्थापासून सुरुवात करतो, ज्याने १८४० साली या रचनेचं पेटंट घेतलं, आणि मग त्याच्या जावयावर येतो. ऑस्टिन कुशमन हे जावयाचं नाव. त्याने पुढे तीच कल्पना सुधारून चकचा धंदा उभा केला. ‘जावयाने सासऱ्याचं काम पुढे नेल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण,’ असं तो स्वतःच्या जावयासमोरही म्हणतो.

फाइलमधलं पहिलं प्रकरण आट्यांचं. लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, जे आटे असतात तेच चकच्या पाठीत हवेत, आणि जगातल्या लेथवाल्यांचं याबाबत एकमत झालेलं नाही. लहान लेथला पाऊण इंच, इंचाला सोळा आटे. मधल्याला एक इंच, इंचाला आठ. मोठ्या अमेरिकन यंत्राला सव्वा इंच, युरोपातल्या मोठ्यांना ३३ मिलीमीटर, अंतर साडेतीन मिलीमीटर. शेवटचे दोन तर नुसत्या नजरेला सारखेच वाटतात आणि एकमेकांवर चढत मात्र नाहीत. यावर उपाय म्हणून काही कंपन्या चकचं अंग कोरं ठेवतात आणि मधली आट्यांची बुशिंग वेगळी विकतात. उद्या लेथ बदलला तर फक्त बुशिंग बदलायचं, चक तोच. सामान्य माणूस इथे सुटकेचा निःश्वास टाकेल. चकार्थ्याची झोप इथूनच उडते. कारण अंगातच आटे कापलेला चक अधिक सरळ फिरणार की बुशिंगवाला? दोन तुकडे जोडले की केसभर का होईना फरक पडणार. तो किती? ‘केसभर म्हणजे कोणाचा केस?’ असं तो विचारतो तेव्हा तो विनोद करत नसतो.

भोसरीतला एक टर्नर त्याला म्हणाला, ‘काका, स्पिंडलचं माप आणा, अर्ध्या तासात बुशिंग काढून देतो.’ काकांनी त्याला मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मिळेल का असं विचारलं. टर्नरने पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

बोहरी आळीतला प्रसंगही असाच. दुकानदाराने लोखंडी लेथचा तीन जॉचा चक काढून काउंटरवर आपटला आणि म्हणाला, ‘हा घ्या साहेब, जन्मभर हलणार नाही.’ इथे मात्र चकार्थ्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं, ते मान्य केलं पाहिजे. लोखंड धरायच्या चकचे जॉ अरुंद असतात. ते मऊ लाकडात रुततात आणि धरल्यासारखं करून ऐन वेळी सोडतात. शिवाय पायऱ्या-पायऱ्यांचे हे जॉ चकच्या बाहेर डोकावत राहतात. लाकूड कातताना हात त्याच्या अगदी जवळ असतो, आणि मिनिटाला हजार फेरे घेणारा लोखंडी कोपरा बोटाच्या सांध्याला लागला की काय होतं हे त्याने दुकानदाराला उभ्या उभ्या समजावलं. पाऊण तास. मागे रांग लागली होती.

दुसरं प्रकरण कंपन्यांचं. मोठ्या तक्त्यात डावीकडे नावं: न्यूझीलंडची नोव्हा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची विकमार्क, कॅनडातल्या ओंटारिओची वनवे, इंग्लंडची ॲक्समिन्स्टर. उजवीकडे रकाने: वजन, गंजरोधक लेप, चावीचा प्रकार, टपालखर्च, आणि ‘शेरा’. चावीच्या रकान्यावर त्याचं विशेष प्रेम. जुन्या पद्धतीच्या स्वस्त चकला दोन दांडे लागतात, एक या हातात, एक त्या हातात. मग लाकूड कोणी धरायचं? ‘तिसरा हात पुरवत असतील तर कळवा,’ असं त्याने एका विक्रेत्याला खरोखर लिहिलं होतं. एकाच चावीने घट्ट होणारा चक महाग, पण दुसरा हात लाकडाला मोकळा राहतो. हा मुद्दा इतका रास्त आहे की त्यावरच निर्णय व्हायला हवा होता.

पण तेवढ्यात जॉचा मामला निघाला. चक एकदाच घ्यायचा असतो, जॉ मात्र पुढे घेतच राहावे लागतात. लहान कामाला लांब अरुंद जॉ, मोठ्या परातीला रुंद, आणि वाडगा उलटा धरून त्याचा तळ साफ करायला रबरी बोंडं लावलेले ताटाएवढे जॉ. नोव्हाचे विकमार्कला बसत नाहीत, विकमार्कचे वनवेला बसत नाहीत. म्हणजे आज जो चक घेतला त्याच घराण्याचे जॉ उरलेल्या आयुष्यात घ्यायचे. हे कळल्यावर त्याने तक्त्याला एक रकाना वाढवला: ‘कंपनी २० वर्षांनी असेल का?’ स्वतः असू का, हा रकाना बायकोने सुचवला होता. तो घेतला नाही.

तोवर गच्चीच्या कोपऱ्यात लाकूड जमतच असतं. पावसाळ्यात कोसळलेल्या शिरीषाचा ओंडका, गावाकडची बाभूळ, पाडलेल्या वाड्यातून आणलेला सागवानी तुळईचा तुकडा. तडे जाऊ नयेत म्हणून ओल्या लाकडांच्या टोकांना मेण फासलेलं, त्यावर खडूने तारखा. लाकूड जाडीच्या इंचामागे साधारण वर्षभर वाळावं असा जुना ठोकताळा आहे. घाईची माणसं ओलंच लाकूड जाडसर कातून ठेवतात, ते सुकून वाकडं झालं की पुन्हा चकवर चढवून नीट करतात. चकार्थ्याला असल्या क्लृप्त्यांची गरज नाही. त्याच्या चौकशीच्या वेगाने चार इंची लाकूडही ठणठणीत वाळून निघतं.

बायको एकदा म्हणाली, ‘अहो, एवढं यंत्र आहे तर एक लाटणं तरी करून द्या.’ त्यावर तो ज्या नजरेने बघतो ती बघण्यासारखी असते. लाटण्याला चक लागतच नाही! एका टोकाला लेथबरोबर आलेली दातेरी सुई, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं टोक, मध्ये लाकूड, बस्स. तासाभराचं काम. नेमकं म्हणूनच ते करण्यात त्याला रस नाही. वाडगाही चकशिवाय होतो म्हणा. फेसप्लेट नावाची भोकांची तबकडी यंत्राबरोबर फुकट आलेली असते. ती चार स्क्रूंनी लाकडाला जोडली की वाडगा कातता येतो. फेअरमनच्या आधी जगाने हजारो वर्षं वाडगे कातलेच की. हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं आणि तो ते सांगतोही, फक्त त्यातून काही निष्पन्न होऊ देत नाही. लाटणं शेवटी तुळशीबागेतून येतं.

मुलाकडे बेंगळुरूला गेल्यावर घरचे त्याला चन्नपट्टणला घेऊन जातात. म्हैसूरच्या रस्त्यावरचं, लाकडी खेळण्यांचं गाव. कारागीर काळ्या कुड्याचा तुकडा पोकळ नळीसारख्या धारकात ठोकून बसवतो, फिरवतो, हत्याराने हां हां म्हणता आकार देतो, लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर टेकवतो. घर्षणाने लाख वितळून रंग चढतो, वरून केवड्याच्या पातीने घासलं की चकाकी. नातवंडं टाळ्या पिटतात. आजोबा मात्र वाकून त्या धारकाच्या मागे बघत असतात. ‘कौनसी कंपनी का है?’ कारागीर म्हणतो, ‘इधर ही बनाया.’ ‘जॉ कितने?’ ‘जॉ नहीं, हथौडा.’ फाइलमध्ये नोंद होते. त्यापुढे शेऱ्याची जागा कोरी राहते. अख्ख्या फाइलमधली ती एकच कोरी जागा.

एवढं वाचून तुम्ही त्याला निरुपयोगी ठरवाल, तर थांबा. त्याच्या इमारतीतल्या एका आयटीवाल्या पोराने पहिला दिसला तो चक मागवला. वाडगा कातताना लाकूड दोनदा उडून भिंतीवर आदळलं, तेव्हा तो काकांकडे आला. काकांनी न बघता निदान केलं. चकमध्ये धरायला लाकडाच्या तळाशी जो गोल खुंट ठेवायचा असतो तो पोराने फार लांब ठेवला होता. खुंटाचं टोक चकच्या तळाला टेकत होतं, त्यामुळे वाडग्याचा खांदा जॉच्या तोंडावर बसत नव्हता. आणि जॉंचं पूर्ण वर्तुळ एका ठरावीक मापालाच जुळतं. खुंट त्याहून बराच मोठा किंवा लहान असला की नुसते कोपरे चावतात. शिवाय जॉंवर आणि त्यांच्या खाचांवर एक ते चार आकडे असतात. साफ करून परत बसवताना पोराने ते जमतील तसे घातले होते. काकांनी तेही ओळखलं. आयुष्यात एकही चक हातात न धरलेल्या माणसाने.

पोराने पहिला नीट जमलेला वाडगा काकांना आणून दिला. शिरीषाचा, काळ्या-तपकिरी रेघांचा, फार सुरेख. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, तळाकडे बघितलं आणि विचारलं, ‘खुंट किती मिलीमीटरचा ठेवला होतास?’

माझं मत विचाराल तर चकार्थ्याला चक नकोच असतो. चक आला की फाइल बंद, आणि फाइल बंद झाली की तो पुन्हा निवृत्त. म्हणून अशा गृहस्थाच्या घरच्यांना विनंती अशी की वाढदिवसाला त्याला चक भेट देण्याचा विचारही मनात आणू नका; फार तर एखाद्या नव्या कंपनीचं माहितीपत्रक द्या. आणि तुम्हाला स्वतःला चक घ्यायचा असेल तर स्पिंडलचे आटे मोजा, एका चावीवर फिरणारा, पन्नास मिलीमीटर जॉचा, ज्याचे जास्तीचे जॉ सहज मिळतात असा चक बघा आणि त्याच संध्याकाळी पैसे भरून टाका. चकार्थ्याला विचारायचंच असेल तर घेतल्यावर विचारा. सल्ला तोच मिळेल, पण तोवर तुमचे चार वाडगे कातून झालेले असतील.