मागून दाखवा

जुन्या चित्रकार्डांचा नाद लागलेला एक तरी इसम तुमच्या ओळखीत असणारच. जालन्यात रद्दीच्या दुकानापुढे उकिडवे बसून डोळ्याला भिंग लावलेले गृहस्थ दिसले, की ते कार्डकाका. दुकानदार मोठ्या हौसेनं रविवर्मा प्रेसची लक्ष्मी पुढे करतो. कमळ, हत्ती, सगळे रंग शाबूत. काका म्हणतात, "मागून दाखवा."

शिक्का मागे असतो ना!

भाच्यासाठी स्थळ आलं, तेव्हा मुलीचा फोटो हातात घेऊन काका हेच बोलले. मुलीकडचे उठायच्याच बेतात होते. काकांना स्टुडिओचा शिक्का बघायचा होता, हे समजावता समजावता पोहे गार झाले. लग्नपत्रिका टपालानं आली तर काका पाकीट ठेवून घेतात, पत्रिका काकूंकडे. कुणी घरी येऊन हातात दिली, की तोंड पडतं.

पण पाठ त्यांना वाचता येते, खोटं कशाला बोला? विलायती कार्डाच्या मागे मधोमध रेघ असेल तर ते १९०२ किंवा त्यानंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायची मुभा. मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं दोन टपालखाती: एक निजामाचं, एक इंग्रजांचं. निजामाचं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चाले; पुण्याच्या मामाला खुशाली कळवायची तर तिकीट इंग्रजांचं. १९५० मध्ये निजामाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं. काका हे सांगतात तेव्हा ऐकणारा चप्पल शोधत असतो.

गल्लीतल्या एका आजींकडे भावाचं साधं कार्ड होतं. 'सुखरूप आहे', एवढंच, तारीख नाही. ते निजामाच्या राज्यावर भारताने केलेल्या पोलीस ॲक्शनच्या आधीचं की नंतरचं, यावर घरात वर्षानुवर्षं वाद. काकांनी अख्खी दुपार कार्ड उजेडात तिरपं धरून पुसट शिक्का उलगडला: २१ सप्टेंबर १९४८. कारवाई १३ ते १७ सप्टेंबरची. म्हणजे भाऊ त्यातून वाचला होता. मग काकांनी शिक्का सोडून मजकूर वाचला. मोठ्यानं, दोनदा.

तुमच्याकडे जुनी कार्डं असतील तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. अर्धा शिक्का तिकिटाबरोबर जातो. काकांना दाखवायची असतील तर जरूर न्या. फक्त दुपारी दुसरं काही काम ठेवू नका.