रिक्त पदांची मालकीण

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कुणी आणि कशावरून पाडली, याच्या पारावर जितकी माणसं तितक्या कथा आहेत. मंत्रालयाने मात्र ती मनावर घेतलेली दिसते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिकडे म्हातारी माणसं फार आणि त्यांना सांभाळणारे हात कमी, तर कुशल मनुष्यबळ आम्ही पुरवतो. पहिल्या टप्प्यात १० हजार. यादीत परिचारिका आहेत. जर्मन भाषाही शासनच शिकवणार. योजना चांगलीच आहे. पोरींना पगार मिळेल आणि मे महिन्यात स्वेटर घालायला मिळेल. आमची तक्रार नाही. फक्त जर्मनीला जाणाऱ्या विमानाने अधूनमधून परभणीच्या एखाद्या वॉर्डावरून जरा खालून उडावं, एवढीच विनंती.

तसं पाहिलं तर जर्मनीने आपल्याकडून शिकावं अशी परिस्थिती आहे. तिकडे २०१९ पासून किती रुग्णांमागे किमान किती परिचारिका हव्यात याची मर्यादा नियमाने बांधली आहे. अतिदक्षता विभागात दिवसपाळीला दोन रुग्णांमागे एक. दोन! आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे एकास एक. साध्या वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि रजा-आजारपणासाठी वर ३० टक्के जादा. कागदावर परभणीने जर्मनीला केव्हाच मागे टाकलं आहे. २०२३ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, १०० जागा मिळाल्या, जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं गेलं आणि पाचाचा हिशेब तिनावर आला. हिशेब एका सहीत सुधारतो. माणसं मात्र भरतीतूनच यावी लागतात, आणि भरतीच्या फाइलला सही लागते ती वेगळ्या पेनाची.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. उत्तम झालं. त्यामुळे रुग्ण वाढणार हे घोषणेतच दिसत होतं. त्यांना सांभाळणारे हात वाढवायची गोष्ट बहुधा पुढच्या घोषणेसाठी राखून ठेवली असावी.

पण रिक्त पदांवरून शासनाला उगाच नावं ठेवतात. सरकारी दवाखान्यातलं रिक्त पद कधीच रिकामं नसतं, त्यावर सिस्टर उभी असते. (बसलेली नसते. खुर्ची असते, पण तिच्यावर रजिस्टरं बसलेली असतात.) क्लार्क नाही? सिस्टर लिहील. स्ट्रेचर ढकलायला मामा नाहीत? सिस्टर आणि पेशंटचा मेहुणा मिळून ढकलतील. मावशी सुटीवर आहेत? बेडपॅन सिस्टर देईल. औषध संपलं तर ‘बाहेरून आणा’ हे सांगायचं काम सिस्टरचं, आणि त्यावरची शिवीही तिच्याच नावावर जमा. ऑनलाइन एंट्री सिस्टर करेल, सर्व्हर बसला की रात्री दोनला पुन्हा करेल. पंखा बंद पडला की अख्खा वॉर्ड तिच्याकडे असा बघतो जणू रेग्युलेटर तिच्या पदराला बांधलेला आहे. एवढी पदं सांभाळूनही पगारपत्रकावर तिचं पद एकच. इतकी काटकसर जर्मनांनाही जमायची नाही.

ही काटकसर पाहायची असेल तर पेरणीच्या दिवसांत रात्रपाळीला जावं. पालमकडून विषारी औषध प्यायलेला एक शेतकरी आलेला असतो. जिंतूरच्या बाजूने पायाला फडकं आवळून सर्पदंशाचा एक. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाला ॲट्रोपिन द्यायचं म्हणजे सुई टोचून निघून जायचं नसतं. थोड्या थोड्या वेळाने बाहुली बघायची, नाडी मोजायची, छातीतली घरघर ऐकायची आणि डोस ठरवत राहायचं. कमी पडलं तर माणूस जातो. जास्त झालं तर बरळतो, सलाइन उपसतो, पलंगावरून उड्या घेतो, आणि चौघांनी धरावा लागतो. चौघं म्हणजे अर्थात सिस्टर, तिचे दोन हात आणि पेशंटचा भाऊ.

सर्पदंशाचं आणखी निराळं. रक्त काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं जराही न हलवता ठेवायचं. नाहीच गोठलं तर विष रक्तात भिनलं आहे. साधी, स्वस्त, सुंदर तपासणी. तिला फक्त वीस मिनिटं शांतता लागते, आणि ही वस्तू दवाखान्याच्या स्टोअरला कधीच आलेली नाही. त्या वीस मिनिटांत बाळंतिणीची आई येते, पाच नंबरचं सलाइन संपतं, कुणाच्या तरी साहेबांचा फोन येतो, आणि दारातून आवाज येतो, “कव्हाचं बोलवायलोव सिस्टर, तुम्ही येईनात! मोबाइल बघत बसता का?” सिस्टर खरंच मोबाइल बघत असते. नळीची वेळ लावलेली असते त्यात.

हाच नातेवाईक मग व्हिडिओ काढतो, कधी हातही उगारतो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, असा कायदा राज्यात २०१० पासून आहे. तो ठळक अक्षरांत भिंतीवर लावतात, म्हणजे मारणाऱ्याला टेकायला काहीतरी राहतं.

खाजगीत सुख असेल असं कुणाला वाटत असेल तर तिथलंही ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं, ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नका. तालुक्याच्या गावी कुठल्याही नर्सिंग होममधल्या पोरीला हा आकडा सांगून बघा. ती हसून दाद देते. हल्ली चांगले विनोद ऐकायला मिळत नाहीत.

एक बाब मात्र अशी आहे, जिथे सिस्टरला तिच्या हुद्द्यापेक्षा मोठा मान मिळतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, रुग्ण दगावले. वायरिंग कुणी केलं, आग विझवायची यंत्रणा कुणी बसवायची होती, पैसा कुणी अडवला, या प्रश्नांना चौकशी लागते आणि चौकशीला वेळ लागतो. अटकेला लागला नाही. काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका पोलिसांच्या ताब्यात होत्या. इमारत, वीज, निधी आणि नियोजन एवढ्या खात्यांचा कारभार आपण तीन सिस्टरांवर सोपवला होता, हे त्या दिवशी राज्याला कळलं.

मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या. एक मागणी दोन्ही वेळेला तीच, भरती कंत्राटी नको, कायमची हवी. दोन्ही वेळेला त्यांना सांगितलं गेलं की रुग्णांचे हाल होतात. खरं आहे. फक्त त्या कामावर असतानाही होतात, तेव्हा मात्र बातमी होत नाही.

१२ मेचा परिचारिका दिन जवळ आला की परभणीतही गुलाब निघतात, केक कापतात, ‘देवदूत’ असं छापलेलं बॅनर लागतं आणि त्यावर देवदूतांपेक्षा मोठे फोटो इतरांचेच असतात. वाचकहो, यंदा गुलाब विकत घेऊ नका. त्याच पैशांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला एवढंच विचारा: अधिपरिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि काल रात्री कुठल्या वॉर्डात किती रुग्णांमागे किती जणी होत्या. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.