गंमत समितीचं कामकाज

कंपनीत गंमत करायची असेल तर आधी समिती नेमावी लागते. तिच्यात कोण असावं याचेही संकेत ठरून गेलेत. एक एचआरमधली मुलगी, जिच्या पगारातच हे काम धरलेलं असतं. एक नुकताच लागलेला मुलगा, ज्याला अजून ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि एक माझ्यासारखा जुना गडी, ज्यानं कधीकाळी कुणाच्या तरी निरोप समारंभाला समोसे वेळेवर आणले होते. वेळेवर आलेले समोसे माणसाला निवृत्तीपर्यंत भोवतात.

पहिला वाद तारखेचा. शुक्रवार नको, त्या दिवशी रिलीज असतं. शनिवार नको, कारण ‘टीम बिल्डिंग कंपनीचं आणि सुट्टी आमची?’ मार्चमध्ये अप्रेझल, त्यामुळे साहेबांशेजारी बसून हसण्याची कुणाची तयारी नसते. एप्रिल-मे उन्हाचे. पावसाळा सुरू झाला की पालख्या येतात, रस्ते बंद होतात. श्रावणात चिकन नाही म्हटल्यावर निम्मी मंडळी यादीतून आपोआप गळतात. आणि गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने ढोलपथकवाले संध्याकाळ झाली की जागेवर दिसतच नाहीत.

त्यातला एक आमच्याच टीममधला. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, माइक बंद. हा माणूस नक्की आहे का, अशी शंका यावी. पण नदीपात्रातल्या सरावाला गेलात तर कंबरेला ढोल बांधून, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान पोराची बोलणी निमूट ऐकून घेताना दिसेल. हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग सगळ्यांबरोबर ढोल उचलून टेम्पोत चढवायचे. त्यासाठी त्याला कुणी ईमेल पाठवलेली नसते, आणि झब्ब्याचे पैसेही त्याच्याच खिशातले. आमच्या फुकटच्या टी-शर्टचा साइज विचारला तेव्हा मात्र त्यानं उत्तर दिलं नाही.

जेवणाची एक्सेल शीट हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. शाकाहारी, मांसाहारी, जैन इथवर ठीक. पुढे ‘अंडं चालेल’, ‘अंडं केकमधलं चालेल’, ‘शनिवार असेल तर शाकाहारी’, ‘आई बरोबर नसेल तर मांसाहारी’ असे रकाने वाढत जातात. शेवटच्या रकान्यात एकानं नुसतं ‘बघू’ लिहिलं होतं. केटररला तो आकडा कुठे धरायचा ते विचारायला फोन केला, तर तोही म्हणाला, बघू.

मग खेळ. खेळ घ्यायला बाहेरून एक उत्साही गृहस्थ येतात. त्यांचा हुकमी खेळ म्हणजे स्पॅगेटीच्या वीस कच्च्या काड्या, एक वार चिकटपट्टी, एक वार दोरा, आणि एक मार्शमेलो. अठरा मिनिटांत मनोरा उभा करायचा, टोकावर मार्शमेलो ठेवायचा. टॉम वूजेक या गृहस्थांनी हा खेळ जगभर नेला. त्यांचा अनुभव असा, की बिझनेस स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांपेक्षा बालवाडीतली पोरं उंच मनोरा बांधतात. पोरं आपली बांधून बघतात, पडला की पुन्हा बांधतात. मोठ्यांचा वेळ प्रमुख कोण हे ठरवण्यात जातो. पुण्यात त्यात आणखी एका टप्प्याची भर पडते. मार्शमेलो टोकावरच हवा, असं नियमात लिहिलंय का? लिहिलं असेल तर दाखवा. दाखवेपर्यंत पावसाळी हवेनं काड्याच वाकल्या.

गृहस्थ पुढे पडद्यावर ब्रूस टकमनना आणतात. गट कसा जमतो याचे चार टप्पे टकमननी 1965 साली मांडले: एकत्र येणं, भांडणं, रुळणं आणि मग कामाला लागणं. गृहस्थ दुसरा टप्पा हसत हसत उरकतात. सगळ्या आखणीतली मेख इथेच आहे, असं मला वाटतं. आम्हाला पहिल्या टप्प्यावरून चौथ्यावर जायचं असतं, तेही एका दिवसात, दुपारच्या जेवणासकट. भांडायला वेळापत्रकात जागाच नसते.

शेवटी ठरतं ते कोलाड. कुंडलिकेत राफ्टिंग. नदीला पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटतं, तेवढ्यात उरकायचं, म्हणून उजाडायच्या आत चांदणी चौकात जमायचं. तराफ्यावर साहेब आणि शिकाऊ एका रांगेत बसतात आणि एक रायगडचा पोरगा दोघांनाही एकाच सुरात ओरडतो. हे दृश्य खर्च वसूल करणारं आहे, नाकारत नाही. पण गंमत त्या पाण्याचीच आहे. ते मुळशी धरणाचं. मुळा नदी खरं तर पुण्याकडे येणारी. ती अडवून तिचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवलं, त्यावर टाटांनी वीज केली. म्हणजे वाट सोडली असती तर जे पाणी आपण होऊन हिंजवडीच्या जवळून गेलं असतं, त्यात पडायला आम्ही ताम्हिणी घाट उतरून जातो.

हे धरण होऊ घातलं तेव्हा 1921 साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते त्याच लढ्यात. जमिनी पाण्याखाली गेल्याच, पण त्या माणसांना एकमेकांवर विश्वास टाकायला शिकवण्यासाठी डोळे मिटून मागच्याच्या हातात पडण्याचा खेळ कुणाला घ्यावा लागला नव्हता.

आमच्या वेळापत्रकात भांडणाला जागा नसते, हे आलंच; तक्रारीची सोय कशी करावी, हे बघायचं तर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला जावं. आमच्यातले काही जण आयटीच्या दिंडीतून आळंदी ते पुणे चालतात, पण पुण्यातूनच परत फिरतात; खरी गोष्ट पुढे आहे. तळावर संध्याकाळी समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ म्हणतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो. तक्रार मिटली की हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते. तक्रारदाराला नाव लपवावं लागत नाही, सगळ्यांसमोर वाजवावं लागतं. आमच्याकडे अनामिक अभिप्रायाचा फॉर्म असतो. तो उघडायला एम्प्लॉयी आयडी लागतो.

तर तो फॉर्म आला. ‘सर्वांत काय आवडलं?’ या प्रश्नाला राफ्टिंग दुसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक परतताना घाटात बस बंद पडली, त्या वेळेचा. दुसरी बस येईपर्यंत सगळे कठड्यापाशी उभे होते, आणि सुरुवात अर्थातच ‘ही बस कुणी ठरवली?’ अशी झाली. तिथून गाडी कॅन्टीनच्या पोह्यांवर, रात्रीच्या कॉल्सवर, मग अप्रेझलवर. ढोलवाला चक्क बोलत होता, आणि बराच बोलत होता. साहेबांनी एकदा खुलासा करून बघितला, तो चालला नाही, मग त्यांनीही स्वतःच्या साहेबांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक तर छापण्याजोगी नाही.

समितीनं अभिप्रायाची गांभीर्यानं दखल घेतली. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा कालच आलाय. त्यात परतीच्या प्रवासात दुपारी 4.40 ते 5.10 अशी नोंद आहे: ‘ताम्हिणी घाट. उत्स्फूर्त थांबा व मनमोकळ्या तक्रारी. जबाबदारी : गंमत समिती.’ त्याखाली उलटटपाली पहिली शंकाही आली आहे: तक्रारी आधी लेखी द्यायच्या का? आणि त्याच्याखाली दुसरी: मला काहीच तक्रार नाही, मी बसमध्ये झोपलो तर चालेल का?