पूर्वेस ओढा, पश्चिमेस भावकी

शेतजमिनीचं खरेदीखत हा मराठी गद्याचा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत जास्त जपला जाणारा प्रकार आहे. माणसं ज्ञानेश्वरी शेजाऱ्याला वाचायला देतील, खरेदीखत सख्ख्या भावाला दाखवणार नाहीत. सख्ख्या भावाला तर नाहीच नाही. त्याची सुरुवात लिहून घेणार आणि लिहून देणार यांच्या वयांनी आणि धंद्यांनी होते. धंदा बहुधा 'शेती व व्यापार', मग जन्मात किलोभर कांदाही नफ्यात विकलेला नसेना. त्यानंतर जिल्हा, तालुका, तुकडी, पोटतुकडी, गट नंबर, क्षेत्र, आकार. आणि मग त्या चार ओळी: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमुक गट, पश्चिमेस लिहून देणार यांच्या चुलत्यांची जमीन, उत्तरेस गाडीरस्ता. लगेच पाठोपाठ एका दमात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. अडीच एकर मुरमाड माळात निधी कुठला, असं कुणी विचारत नाही. न जाणो, नांगराला हंडा लागलाच तर तो कागदाबाहेर राहू नये एवढाच हेतू. असा हंडा सापडल्यास 1878च्या कायद्याप्रमाणे आधी कलेक्टरला कळवावं लागतं, ही गोष्ट मात्र खतात नसते. या सगळ्या मजकुरात भरवशाच्या ओळी, माझ्या मते, चतुःसीमेच्या त्या चारच. गट नंबर आणि क्षेत्र म्हणजे सरकारचा अंदाज. चतुःसीमा म्हणजे शेजाऱ्यांची साक्ष. आणि आपलं शेत कुठं संपतं हे सांगायला शेजाऱ्याइतका लायक साक्षीदार दुसरा नाही, कारण त्याचं शेत तिथूनच सुरू होतं आणि ते तो रोज संध्याकाळी पाहून येतो.

हे म्हणणं मागासलेलं वाटेल, म्हणून क्षेत्राच्या आकड्याची कुळकथा आधी पाहू. शिवकाळात जमीन काठीनं मोजत. काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. हात कुणाचा आणि मूठ कुणाची, यावर शेतकऱ्याचं आणि मोजणाऱ्याचं एकमत व्हायला फार थोर मन लागत असणार. पुढं कंपनी सरकार आलं. प्रिंगल नावाच्या साहेबानं 1820च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात मोजणी काढली. प्रत्येक जातीच्या जमिनीत पीक किती, खर्च किती, हाती उरतं किती, याचा हिशोब त्यानं इतका बारीक केला की तो शेतकऱ्याला पेलेना आणि सरकारलाही पचेना; सारा भारी पडला, लोक जमिनी टाकून जाऊ लागले. अखेर 1836 साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली. 33 फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मातीचे त्यांनी नऊ वर्ग पाडले आणि तेही आण्यांतच, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. महसूल खात्याचं आण्यावरचं हे प्रेम विलक्षण आहे. लांबी आण्यात, क्षेत्र आण्यात, मातीचा कस आण्यात, भावकीतला हिस्सा आण्यात, पिकाची आणेवारी तर आण्यातच. 1957 साली नाण्यातून आणा गेला, तरी गावात पैसेवारीला आणेवारी म्हणणारी तोंडं अजून आहेत.

या खटाटोपात कुणाच्याही डोक्यात मालकीची हद्द हा विषय नव्हता. मोजायचा होता सारा. दोन गुंठे इकडचे तिकडे झाले तर सरकारचं नुकसान व्हायचं ते पैचं, आणि पैसाठी भर उन्हात साखळी पुन्हा ओढायला लावणारा साहेब कितीही चिकट असला तरी अंगरखा घामानं भिजल्यावर उदार होतोच. वापरून वापरून साखळीच्या कड्या ताणतात, बांधाच्या चढउतारावर ती झोळ खाते, आणि टोक धरणाऱ्या गड्याला आपलं टोक नेमकं कुठं टेकवायचं याबद्दल स्वतःची मतं असतात. साऱ्याच्या कामाला हे सगळं चालून गेलं. पंचाईत अशी झाली की साऱ्यासाठी काढलेला आकडा पुढं मालकीचा पुरावा म्हणून उभा राहिला. आज पुण्याभोवती जो गुंठा काही लाखांना विकला जातो, त्याच्या सातबाऱ्यावर 'आकार' या रकान्यात अजून चार-दोन रुपये आणि काही पैसे लिहिलेले असतात. खरा हिशोब त्या रकान्याच्या मापानं झाला होता. भांडण मात्र बाजारभावानं चालतं. पुढं दशमान पद्धत आली, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर आणि एक आर म्हणजे 100. हा फरक कागदावर नगण्य आहे आणि बांधावर तेवढ्यासाठी दोन कुटुंबांत लग्नाची पत्रिका जात नाही.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1908च्या नोंदणी कायद्याचं कलम 21 काढून पाहा. जमिनीचं वर्णन ती ओळखू येईल असं करा, असं ते सांगतं. आणि कसं करा, तर नाव असल्यास नाव, ती ज्या इलाख्यात आहे तो इलाखा, क्षेत्र, तिला लागून असलेले रस्ते आणि मिळकती, सध्याची वहिवाट, 'आणि जमेल तेव्हा' सरकारी नकाशाचा किंवा मोजणीचा हवाला. शेजार हवाच, नकाशा जमला तर. कोर्टांचा कलही तोच: क्षेत्र एक सांगतं आणि सीमा दुसरं सांगतात, अशा वेळी सर्वसाधारणपणे वजन सीमांना. एका जुन्या खटल्यात कागदावर जमिनीचा नंबर 1060च्या जागी 160 असा पडला होता. एक शून्य गळालं आणि जमीन नऊशे नंबर पलीकडं जाऊन पडली. सर्वोच्च न्यायालयानं सीमा आणि बाकीचं वर्णन पाहून ठरवलं की जमीन 1060चीच, नंबर लिहिण्यात चूक झाली. नंबर लिहिणाऱ्याला डुलकी लागते. ओढ्याला सहसा लागत नाही.

इथं सुशिक्षित वाचक हरकत घेणार, आणि ती रास्त आहे. ओढा पात्र बदलतो, आंब्याचं झाड वाळतं, गाडीरस्ता नांगरला जातो, शेजारी मरतो. खरं आहे. किंबहुना चतुःसीमेतले शेजारी मरण पावल्याशिवाय तिला भारदस्तपणाच येत नाही, असा समज व्हावा इतकी मयत माणसं खरेदीखतांत आपापल्या दिशेला उभी असतात. पूर्वेचे गृहस्थ जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांच्या जमिनीचे पाच वाटे झाले, त्यातले तीन विकले गेले, पण दस्तलेखकानं मागच्या खतावरून पुढचं उतरवलं आणि त्याही आधीच्या दस्तलेखकानं तसंच केलं होतं, म्हणून ते अजून पूर्वेलाच आहेत. पण हा दोष चतुःसीमेच्या माथी मारू नका. खत करताना एकही जण शेतावर गेला नाही, हा तो दोष आहे. शेतावर न जाता नंबर लिहिला तर तो बरोबर येतो, अशीही कुणाची समजूत असेल तर 'पैकी'वाल्या व्यवहारांकडे पाहावं. गट नंबर 214 पैकी 20 आर. कुठले 20 आर? नंबर सगळ्या गटाचा, 20 आर घेणाऱ्याचे, आणि त्या दोहोंच्या मध्ये फक्त चतुःसीमा उभी असते: दक्षिणेस लिहून देणार यांची उर्वरित जमीन. तीच काढली, तर घेणाऱ्याला गटात कुठंही उभं राहून 'हे माझं' म्हणता येईल, आणि त्याच गटातले बाकीचे खरेदीदारही तेच म्हणतील. हल्ली तसं ते म्हणतातच.

दुसरी हरकत जास्त आधुनिक आहे. आता साखळी गेली, रोव्हर आला. आकाशातले उपग्रह सेंटिमीटरच्या हिशोबात जागा सांगतात. ड्रोनवरून गावठाणं मोजली जातात, स्वामित्व योजनेआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा प्रयोगही झाला. मग शेजाऱ्याला विचारायचं कशाला? उत्तर असं की उपग्रह तुम्ही आता कुठं उभे आहात ते सांगतो. तुम्ही कुठं उभं राहायला हवं होतं, ते जुना नकाशा सांगतो. आणि जुन्या गावनकाशांचं मैलाला आठ इंच हे प्रमाण धरलं, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे 13 फूट रुंद पडते. सेंटिमीटरपर्यंत अचूक यंत्र घेऊन तेरा फुटांच्या रेघेत हद्द शोधायची, या उद्योगाला मोजणी म्हणतात. त्यातून दोघांच्या मध्ये बांध असतो. दोनशे मीटर लांबीचा बांध एका बाजूनं दर साल फक्त वीतभर कोरला, तर सव्वादोन वर्षांत एक गुंठा घरात येतो. आणि बांध कोरणारा माणूस रोव्हरला कधी दिसत नाही, कारण कोरण्याचं काम मोजणीच्या तारखेला बंद असतं.

बरं, मोजणी झाली की तंटा मिटतो का? मोजणीचे प्रकार अलीकडेपर्यंत चार होते: साधी, तातडीची, अति तातडीची आणि अति अति तातडीची. दीडशे वर्षांचं दुखणं दुप्पट 'अति'नं बरं करण्याचा हा प्रयत्न मला नेहमी हृद्य वाटत आला. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच उरले, भाषेचं थोडं नुकसान झालं. पैसे भरले, तारीख पडली, भूकरमापक आला, खुणा दाखवल्या, मोजणी नकाशाची क-प्रत मिळाली. ज्याच्या बाजूनं हद्द सरकली तो म्हणतो, मोजणी शास्त्रशुद्ध झाली. ज्याच्या विरुद्ध सरकली तो म्हणतो, मान्य नाही. मग निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, त्यावर सुपर निमताना, त्यानंतर कोर्ट कमिशन. गावात खुणांचे दगड रोवायला एक दिवस लागतो आणि उपटायला एक रात्र. अचूकपणा वाढल्यानं यातलं काहीच कमी होत नाही, कारण अडलेलं असतं ते सेंटिमीटरवर नव्हे, मान्यतेवर. सातबाराही हेच कबूल करतो. महसूल संहितेच्या कलम 157प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंत. ते उलट सिद्ध करायला कोण येतं? शेजारीच येतो.

या मुद्द्याचा सर्वांत ठळक पुरावा सरकारनंच दिला आहे. 1947च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि अनेक गावांत कागद एकीकडे आणि नांगर दुसरीकडे अशी जोडपी तयार झाली. तुमच्या नावची जमीन मी कसतो, माझ्या नावची तुम्ही. दोघांचे आजे सुखानं कसत होते, दोघांचे नातू सातबारा पाहून भांडायला लागले. 2023च्या जानेवारीत राज्य सरकारनं सलोखा योजना काढली: असा उलटसुलट ताबा किमान बारा वर्षांचा असेल, तर परस्परांत अदलाबदल करून घ्या, मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. म्हणजे कागद आणि वहिवाट यांचं जमत नाही तेव्हा वहिवाटीनं कागदाकडे जायचं नाही, कागदानं वहिवाटीकडे यायचं. सरकारनं इतक्या स्वस्तात इतकं मोठं मत क्वचितच बदललं असेल.

एक हरकत मात्र मला थट्टेवारी नेता येत नाही. शेजाऱ्याची साक्ष बरोबरीच्या शेजाऱ्यांत चालते. एका बाजूला साखर कारखान्याचा संचालक आणि दुसऱ्या बाजूला शहरात मोलमजुरी करणाऱ्या मुलाची विधवा आई असेल, तर चतुःसीमा दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी त्या आईच्या अंगावर सरकते, आणि गाव ते पाहून न पाहिल्यासारखं करतं. अशा वेळी त्या बाईला नकाशा हवा, टिपण हवं, मोजणीच्या खुणा हव्यात, आणि त्या खुणा रोवताना भूकरमापकाच्या मागं पोलीसही हवेत. हे मान्य करूनही माझं मत तिथंच राहतं. तो नकाशा तिच्या उपयोगी पडतो तो गावातल्या चार माणसांनी बांधावर येऊन 'पूर्वीपासून इथंच होतं' म्हटल्यावर. नाहीतर क-प्रत तिच्या पेटीत राहते आणि तिच्या पट्ट्यात ऊस शेजाऱ्याचा वाढतो.

म्हणून जमीन घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सातबारा काढा, आठ-अ काढा, फेरफार पाहा, शोध घ्यायला वकील लावा, रोव्हरवाल्याचेही पैसे भरा. पण मोजणीच्या अर्जात लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते दिशेवार विचारणारा एक रकाना असतो, तो मागच्या खतावरून उतरवू नका. चारी दिशांना एकेकदा जाऊन या. पश्चिमेला भावकी असेल तर तिकडं शेवटी जा आणि चहा सांगितला तर नाही म्हणू नका.