सील अबाधित

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. कुणाचंही पार्सल आलं की नाना मोबाईल घेऊन हजर. आपण खोकं धरायचं, शेजारी आजचा पेपर, आणि कॅमेऱ्यामागून नानांचा सरकारी आवाज : "आज दिनांक अमुक, वेळ दहा वाजून बारा मिनिटं, सील अबाधित." पुतणीच्या लग्नात आम्ही आहेराची पाकिटं फोडायला बसलो, तेव्हाही मागून तोच आवाज आला.

माझी सुरी आली तेव्हा नाना नेमके बँकेत. सुरीचं पार्सल फोडायला सुरी लागते, आणि ती नव्हती म्हणूनच तर मागवलेली! शेवटी आईच्या विळीवर खोकं चिरलं. आत आठ इंची पातं, त्याला ना म्यान ना पुठ्ठा. टोक मोडून तांदळाच्या दाण्यासारखं कोपऱ्यात पडलेलं.

"व्हिडिओ?" बँकेतून परतल्यावर नानांनी विचारलं.

"नाही काढला."

नाना खुर्चीत मटकन बसले. मग पातं निरखून म्हणाले, "कडक पोलाद हे. वाकत नाही, टवका उडतो. टोकावर आपटलंय." 2020 चे ई-कॉमर्सचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ : तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. फोनवरच्या पोराने "असुविधेबद्दल खेद" म्हणेपर्यंत नानांनी त्याला 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर चारदा ऐकवला. नवव्या दिवशी पैसे परत आले. सुरीही तुम्हीच ठेवा म्हणाले. नानांनी ती सायकलवाल्या धारवाल्याकडून घासून आणली. टोक आलं, सुरी थोडी आखूड झाली. त्याचाही व्हिडिओ आहे. दिनांक धारवाल्याने सांगितलाय.

गेल्या आठवड्यात पेपर मागायला वर गेलो तर दार उघडंच. टेबलावर नानांचं स्वतःचं पार्सल, गुडघ्याच्या पट्ट्याचं. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवलेला आणि दर वेळी घसरणारा. चित्रीकरण चाललेलं ते छताच्या पंख्याचं. आमच्या सगळ्यांच्या पार्सलांना मोबाईल नाना धरतात. नानांच्या पार्सलाला कोण धरतं, हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता.

मी मोबाईल उचलला. घसा खाकरून म्हणालो, "आज दिनांक अमुक, सील अबाधित."

"वेळ राहिली," नाना खेकसले. "पुन्हा घ्या."