नवरदेवानेच वाटूर गाठावं

मुलगी परतूर तालुक्यातल्या वाटुरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, मुलगा पुण्यात हिंजवडीच्या कंपनीत. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं, पत्रिकेलाही आक्षेप नाही. वाटूरच्या पंचक्रोशीत असं स्थळ जुळलं की मानपान, हॉल आणि जेवणावळीचा आकडा ठरेपर्यंत रात्र होते, आणि ‘मग पोरीच्या नोकरीचं काय?’ हा प्रश्न बैठक उठता उठता, चपला शोधताना निघतो. त्याचं उत्तरही चपला सापडण्याच्या आत मिळतं. देईल राजीनामा, तिकडे काय शाळा नाहीत का! याच मंडळींना वीस गुंठे विकायचे असले तर सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय ते इसाराचा रुपया घेत नाहीत. तेव्हा नोकरीचे कागदही एकदा तपासायला हरकत नसावी. कसोटी साधी ठेवू. गेलेली नोकरी ज्याला पुन्हा मिळणं अवघड, त्याने जागेवर राहावं; ज्याला सोपं, त्याने सामान बांधावं. प्रेम दोघांचंही सारखंच आहे असं धरून चालू, कारण त्याची मोजणी भूमी अभिलेखवाले करत नाहीत.

आता तिचे कागद. शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, त्याची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत कितीतरी डी.एड.वाल्यांची वयोमर्यादा उलटली. चाचणीतून निभावलं तरी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. प्राथमिकला मानधन पूर्वी महिना सहा हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार झालं. एवढं सोसून जी बाई कायम झाली, तिने राजीनामा दिला की ती पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला, आणि रांग कधी हलेल ते मंत्रालयालाच ठाऊक. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत तर राजीनामा दिला की आधीची सेवा बुडाली असं लिहूनच ठेवलं आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती जुनी पेन्शनच नसल्याने त्यांचं बुडण्यासारखं थोडं कमी, एवढाच काय तो दिलासा. याउलट हिंजवडीचा नवरदेव. त्याच्या धंद्यात दोन-तीन वर्षांत कंपनी बदलली नाही तर लोक काळजीने चौकशी करतात. तो राजीनामा पगारवाढीसाठी देतो, साहेबाशी पटलं नाही म्हणून देतो, कधी नुसत्या कंटाळ्यानेही देतो. ज्याचा हात राजीनाम्यावर इतका बसलेला आहे, त्याला सोडून ज्या बाईने तो उभ्या आयुष्यात लिहिला नाही तिच्याकडून लिहून घेणं हा कामाच्या वाटणीतला उघड घोळ आहे. कागद सांगतात ते इतकंच की नवरदेवाने बॅग घेऊन वाटूर फाट्यावर उतरावं.

यावर जाणकार म्हणतील, राजीनामा कशाला, पती-पत्नी एकत्रीकरणात बदली होते की! होते; पण सरकारने संसाराचीही हद्द आखून दिली आहे. जिल्ह्यांतर्गत बदल्यांच्या २०१७ आणि २०२१ च्या शासन निर्णयांत पती-पत्नीमध्ये तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल तरच एकत्रीकरणाचा लाभ आहे. म्हणजे एक वाटुरात आणि दुसरा परतूरला किंवा मंठ्याला असेल तर शासनाच्या लेखी विरह नाही. जालन्याला असेल तर आहे. एकोणतिसाव्या किलोमीटरवर डोळे भरून आले तर ती ज्याची त्याची खासगी बाब. त्यातही जोडीदार सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेत हवा. हिंजवडीच्या नवऱ्याला या यादीत जागा नाही, त्यामुळे त्याचा विरह प्रशासकीयदृष्ट्या अस्तित्वातच येत नाही. आणि नवरा सरकारी असून जिल्हा बदलून मिळाला, तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून. पगार तोच, पण पंधरा वर्षं शिकवलेली बाई काल लागलेल्यांच्या शेजारी जाऊन बसते. कोर्टात जावं तर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की पती-पत्नीला शक्यतो एका गावी ठेवावं, पण तो हक्क म्हणून मागता येणार नाही. २०२२ च्या निकालात न्यायालयाने कौटुंबिक जीवनाचं मोल धोरण आखताना धरावं असं म्हटलं खरं, मात्र ‘शक्यतो’ हा शब्द अजून कुणी खोडलेला नाही.

दुसरा आक्षेप रीतिरिवाजाचा. बायकोने नवऱ्याच्या घरी नांदायचं, हे का आम्ही ठरवलं? नसेल ठरवलं, पण १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्वराज गर्ग खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. बाई पंजाबात सुनामला १९५६ पासून शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. लग्न १९६४ चं. नवरा दिल्लीत आणि त्याची कमाई तिच्याहून कमी. ती नोकरी सोडून येत नाही म्हणून त्याने तिने नांदायला यावं असा दावा लावला. संसार कुठे मांडायचा हे ठरवण्याचा एकट्या नवऱ्याला अधिकार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. या निकालाला जवळपास अर्धं शतक होत आलं. आपल्याकडे बैठकीपर्यंत तो पोचलेला नाही, बहुधा जालन्याच्या पुढे त्याला जोडगाडी मिळाली नसावी.

उरला पोटापाण्याचा आक्षेप, आणि तो खरा आहे. पुण्याचा पगार शिक्षिकेच्या दुप्पट असू शकतो, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर असतो, आणि वाटुरात त्याने करायचं काय? २०२० मध्ये हीच हिंजवडी गावोगावी पडवीत बसून काम करत होती आणि कंपन्या बुडाल्या नाहीत, हे एक उत्तर. ते पुरेसं नाही; आता अनेक कंपन्या माणसं परत बोलावतात आणि पडवीतली वीज कंपनीच्या वेळापत्रकाने येत नाही. पण इथेही तोलून पाहावं. त्याने दोन वर्षं वाटुरात काढली आणि जमलं नाही, तर पुणे जागच्या जागी आहे. तिने दोन वर्षं पुण्यात काढली आणि जमलं नाही, तर तिच्या शाळेवर दुसरी बाई रुजू झालेली असते. घरजावई म्हणतील, ही भीती मात्र उत्तर देण्याच्या लायकीची नाही. सासऱ्याकडून हुंडा आणि फ्लॅट घेताना ती कुणाला वाटत नाही. हो, तिलाच शाळेचा वीट आला असेल आणि पुण्याला जायचं तिने स्वतः ठरवलं असेल, तर हा सगळा युक्तिवाद बाद. तो निर्णय तिचा, मध्यस्थाचा नव्हे.

तेव्हा वाटूर परिसरातल्या मध्यस्थांना विनंती एवढीच की पुढच्या बैठकीत नोकरीचा प्रश्न मानपानाच्या आधी घ्यावा आणि तो आधी मुलाला विचारावा. मुलींना सल्ला त्याहून छोटा : अर्ज करायचाच झाला तर बिनपगारी रजेचा करा, राजीनाम्याचा नको.